अनुभवी घोड्यावर बॅरल, पोल आणि बादलीचे खेळ शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लबमध्ये चाल, दुडकी आणि थोडीफार कँटर (दुडकीपेक्षा वेगाची मंद दौड) जमायला लागली की पुढे काय, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. उड्या सगळ्यांनाच नको असतात आणि ड्रेसाजला, म्हणजे ठरलेल्या चाली अचूक करून दाखवण्याला, लागणारा धीरही सगळ्यांकडे नसतो. घड्याळ लावून खेळायचे घोड्यावरचे खेळ अशांसाठी चांगले. पण ते शिकायचे तर मुरलेल्या घोड्यावर. नवा स्वार आणि नवा घोडा ही जोडी जमवू नका, असे आम्ही विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरे इथे दिली आहेत.

हे खेळ नेमके कोणते?

मुख्य तीन. बॅरल रेस म्हणजे त्रिकोणात ठेवलेल्या तीन पिंपांना वळसे घालून परत येणे. पोल बेंडिंग म्हणजे एका रांगेत उभ्या केलेल्या काठ्यांमधून नागमोडी जाणे-येणे. तिसरा प्रकार उचल-ठेवीचा: चेंडू बादलीत टाकणे, झेंडा एका जागेवरून काढून दुसरीकडे खोचणे. बॅरल आणि सहा काठ्यांचे पोल बेंडिंग हे अमेरिकेतल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या घोडेस्वारीचे खेळ. बॅरल रेस तिथल्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या स्पर्धांत, रुजवली ती बायकांनी. त्यांची स्वतंत्र संघटना १९४८ साली टेक्सासमध्ये स्थापन झाली. ब्रिटनमध्ये पोनीवरच्या सांघिक खेळांची प्रिन्स फिलिप कप ही स्पर्धा १९५७ पासून चालते. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धांमध्ये पोल बेंडिंग आणि ‘बॉल अँड बकेट’ हे खेळ असतात. बॅरल मात्र बहुधा क्लबच्या सरावापुरतेच.

अनुभवी घोडा कोणाला म्हणायचे? वय किती असावे?

नुसते वय बघून ठरवू नका. बारा वर्षे लग्नाच्या वरातीत उभा राहिलेला घोडा वयाने मोठा असेल, या खेळासाठी तो नवखाच. साधारण १० ते १८ वर्षांचा, हे खेळ किंवा निदान मैदानातली शिस्तीची स्वारी काही वर्षे केलेला, पायांनी धड आणि गर्दीत शांत उभा राहणारा घोडा हवा. नीट सांभाळलेला घोडा २५-३० वर्षे जगतो. त्यामुळे १५ वर्षांचा घोडा म्हातारा नव्हे. हलक्या कामाला तो अगदी उत्तम.

बघायला जाल तेव्हा चार गोष्टी करून पाहा. आधी मालकाला किंवा प्रशिक्षकाला त्यावर बसायला सांगा. घोडा तुम्ही पोहोचायच्या आतच घाम येईपर्यंत फिरवून ठेवलेला नाही ना, हे पाठीवर हात ठेवून बघा. खोगीर तुमच्यासमोर चढवायला लावा. तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना तो कान मागे टाकून चावायला येत असेल, तर पाठीचे किंवा पोटाचे दुखणे असू शकते. शेवटी मोकळ्या लगामावर त्याला दोन मिनिटे नुसते उभे करा. जो उभा राहू शकत नाही, त्याला पळताही नीट येणार नाही.

घोड्याला सगळे येत असेल, तर मी काय शिकणार? नुसते बसून राहायचे का?

गैरसमज होतो तो इथेच. मुरलेला घोडा तुमच्या वतीने खेळत नाही. तुम्ही जे सांगाल ते तो करतो, आणि अडचण अशी की तुम्हाला न कळत जे सांगितले जाते तेही करतो. कच्च्या घोड्याला तुमच्या शरीराचे बारीक इशारे कळतच नाहीत, त्यामुळे चूक कोणाची हे कधी उमगत नाही. मुरलेल्या घोड्यावर उजव्या ढुंगणावर वजन जास्त पडले की तो उजवीकडे सरकतो. तुम्ही श्वास रोखलात की तो ताठरतो, पिंपाकडे टक लावलीत की पिंपावर जातो. घोडा चुकला असे वाटले की आधी आपली मांड तपासा. निम्म्याहून अधिक वेळा उत्तर तिथेच मिळते.

दुसरी गोष्ट, असा घोडा मार्ग पाठ म्हणतो. पिंप दिसले की वळायचे, हे त्याला ठाऊक असते आणि तुम्ही सांगायच्या आत तो वळतो. नवा स्वार यावर खूश होतो, पण अशा वेळी स्वार ओझे असतो आणि खेळ घोडाच खेळत असतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पिंपांपाशी गेल्यावर दर वेळी वेगळे काही करायचे: कधी वळसा घालायचा, कधी सरळ पुढे निघून जायचे, कधी पिंपाशेजारी थांबून दहापर्यंत मोजायचे. घोडा तुमची वाट बघायला लागला म्हणजे तुम्ही शिकवू शकता आणि शिकूही शकता.

रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा मिळतोय. घ्यावा का?

मुंबई-पुण्यात हा प्रश्न हमखास येतो. महालक्ष्मी आणि पुण्याचा रेसकोर्स इथून निवृत्त होणारे थरोब्रेड क्लबांना मिळतात, आणि त्यांतले अनेक पुढे चांगले घोडे होतात. पण रेसच्या घोड्याचा लगामाशी वेगळा करार झालेला असतो. जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या लगामावर भार टाकून पळतो. म्हणजे तुम्ही घाबरून लगाम खेचलात की तो थांबत नाही, उलट जोर लावतो. नवा स्वार आणखी खेचतो, घोडा आणखी पळतो. शिवाय तो भारी वेगात सरळ पळायला शिकलेला असतो. लहान वर्तुळात तोल सांभाळून कँटर करणे त्याला नव्याने शिकावे लागते.

जाणत्या माणसाने सहा महिने ते वर्षभर त्याला पुन्हा घडवले असेल आणि स्वार खोगिरात खोल बसल्यावर, लगाम न ओढता, तो मंद होत असेल तर जरूर घ्या. ‘परवाच ट्रॅकवरून आलाय, एकदम गरीब आहे’ असे कोणी म्हणाले तर तो गरीबपणा ट्रॅकवरच्या थकव्याचा असू शकतो. चांगली चंदी आणि महिनाभराची विश्रांती मिळाली की खरा स्वभाव दिसतो.

सारंगखेड्याच्या बाजारात ‘तयार’ घोडे मिळतात ना?

मिळतात, पण कशासाठी तयार ते विचारा. दत्तजयंतीच्या त्या बाजारात येणारे अनेक मारवाडी, काठेवाडी घोडे नाचकामासाठी घडवलेले असतात. टाच लागली आणि लगाम आखडला की जागेवर पाय उचलायचे, मागच्या पायांवर उभे राहायचे, हे त्यांचे शिक्षण. बॅरलच्या वळणावर नेमके हेच दोन इशारे एकत्र येतात, आणि घोडा वळायचे सोडून मागच्या पायांवर उभा राहतो. त्यात घोड्याचा दोष नाही. तो घोडा देखणा, हुशार आणि काटक असतो, पण नवख्याने त्याच्यावर हे खेळ शिकू नयेत. घ्यायचाच असेल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. हा रोग माणसालाही होतो.

माझे वजन ८२ किलो आहे. चालेल?

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावे, हा प्रचलित नियम. वेगात वळणे घ्यायची असतील तर १५-१७ टक्क्यांवर थांबलेले बरे. ४८० किलोच्या थरोब्रेडला २० टक्क्यांनी ९६ किलो आणि १७ टक्क्यांनी साधारण ८२ किलो येतात. त्यात ७-८ किलोचे खोगीर धरा. म्हणजे ८२ किलोच्या माणसाने त्या घोड्यावर कदमचाल आणि दुडकीतला सराव खुशाल करावा, भरधाव वळणे मात्र जपून घ्यावीत. ३६० किलोच्या काठेवाडीवर बसू नये. २२० किलोच्या पोनीवर ४० किलोपेक्षा जड मूल नको.

खेळ सुरू करण्याआधी किती स्वारी यायला हवी?

तास मोजू नका, पुढच्या गोष्टी येतात का ते बघा. रिकिबीशिवाय पाच मिनिटे दुडकी, लगामाला न लोंबकळता. एका हातात लगाम धरून २० मीटरचे वर्तुळ. कँटरमधून दुडकी, दुडकीतून थांबणे, हे मुख्यतः बैठकीने. कँटर करताना घोड्याचा कोणता पाय पुढे पडतोय हे खाली न बघता सांगता येणे. आणि आणीबाणीत एका लगामाने घोड्याला छोट्या वर्तुळात घेऊन थांबवणे. शेवटचे येत नसेल तर बाकी सगळे येऊनही थांबा.

सामान काय लागते?

घोडेस्वारीचेच हेल्मेट. सायकलचे किंवा मोटारसायकलचे चालत नाही. आतला फोम आणि मागची बाजू वेगळ्या आघातासाठी बनवलेली असते. जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलायचे. बुटाला टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. बूट आत असताना रिकिबीत दोन्ही बाजूंना मिळून बोटभर जागा मोकळी हवी.

खोगीर पाश्चात्त्य असेल तर वळताना पुढच्या मुठीला हलका धक्का देत बसता येते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्लिश खोगीर असते. त्यात घोड्याच्या गळ्यात एक साधा चामडी पट्टा बांधा आणि तोल गेला की तो किंवा आयाळ धरा. लगाम धरून तोल सावरणे म्हणजे घोड्याच्या तोंडावर लटकणे. छातीपट्टा लावा, नाहीतर वळणावर खोगीर मागे सरकते. तंग चढल्यावर एकदा आणि दहा मिनिटांच्या चालीनंतर पुन्हा एकदा तपासायचा. अनेक घोडे पोट फुगवून उभे राहतात. पुढच्या पायांना संरक्षक बूट आणि टापांवर घंटेच्या आकाराची रबरी झाकणे (बेल बूट) घाला, कारण तीव्र वळणात मागचा नाल पुढच्या टाचेला लागतो.

बॅरलची आखणी कशी करायची?

प्रमाण आखणीत पहिल्या आणि दुसऱ्या पिंपात ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसरे पिंप १०५ फूट, आणि सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या दोन पिंपांची ओळ ६० फूट. टेप घेऊन दोघे जण पाच मिनिटांत आखू शकतात. आधी ९० फुटांवर दोन खुणा करा. प्रत्येक खुणेपासून १०५ फुटांचा कंस मारा. दोन्ही कंस जिथे छेदतात ते तिसरे पिंप. मग ९० फुटांच्या मध्यावरून उलट्या दिशेला ६० फूट मोजून रेषा मारा. बाजूच्या कुंपणापासून पिंप १५ फूट आत हवे, तिसऱ्याच्या मागे २५ फूट, आणि रेषेबाहेर थांबायला निदान ४५ फूट. म्हणजे मैदान साधारण १२० बाय २२५ फूट लागते. इतकी जागा नसेल तर ६०, ७० आणि ४० फुटांची छोटी आखणी करा. शिकायला ती जास्त चांगली, कारण तिच्यात वेग वाढतच नाही.

पिंप २०० लिटरचे, प्लॅस्टिकचे, दोन्ही बाजूंनी बंद असावे. पत्र्याचे असेल तर वरच्या कडेला जुनी ट्यूब चिरून बसवा. ती कड गुडघ्याला लागली की काय होते, ते बॅरल खेळणाऱ्या कोणालाही विचारा. उघड्या तोंडाचे पिंप अजिबात नको, आडवे झाले तर घोड्याचा पाय आत जातो.

नियम सोपे आहेत. पिंपाला हात किंवा पाय लागला तर चालतो. पडले तर ५ सेकंदांचा दंड. मार्ग चुकला तर फेरी बाद. उजव्या पिंपापासून सुरू केले तर एक उजवे आणि दोन डावे वळसे, डावीकडून केले तर उलट. घोडा कोणत्या बाजूने सुरू करतो हे आधीच्या मालकाला विचारून घ्या आणि ते बदलू नका.

वळण नेमके कसे घ्यायचे?

उजवे पिंप धरून चालू. हे सगळे आधी चालीत, मग दुडकीत.

एक, पिंपाकडे जायचे नाही. पिंपाच्या डावीकडे चार-पाच फुटांवर जमिनीत एक बिंदू ठरवा आणि तिथे जा. ही मोकळी जागा ठेवली नाही तर घोड्याला खांदा वळवायलाच जागा उरत नाही.

दोन, पिंपाच्या एक घोडालांबी आधी, म्हणजे साधारण आठ फुटांवर, श्वास सोडून खोल बसा. पाठ मऊ, टाचा खाली. मुरलेला घोडा या एका इशाऱ्यावर मागचे पाय पोटाखाली घेतो आणि पाऊल आखडतो. तो आखडला नाही तरच लगामाला हलका स्पर्श, आणि लगेच मोकळा.

तीन, तुमचा गुडघा पिंपाच्या रेषेत आला की वळायला सुरुवात. घोड्याचे नाक पिंपापाशी पोचले म्हणून वळवाल तर पिंप पडलेच समजा. उजवा पाय तंगापाशी हलका दाबलेला, त्याभोवती घोड्याची बरगडी वाकते. डावा पाय वीतभर मागे, घोड्याचा मागचा भाग बाहेर सुटू नये म्हणून. उजवा हात किंचित वर आणि बाजूला. मागे मांडीकडे ओढायचा नाही. डावा लगाम सैल होतो, सुटत नाही.

चार, अर्धे वळण झाले की नजर पुढच्या पिंपावर. हे सांगायला सगळ्यात सोपे आणि करायला सगळ्यात अवघड. नजर फिरली की खांदे फिरतात, खांद्यांबरोबर कंबर, आणि घोडा ते पाठीवर ओळखतो.

पाच, बाहेर पडताना पिंप दोन-अडीच फुटांवर असते. जाताना लांब, निघताना जवळ. उलटे झाले तर वेळ वाया जातो. घोडा सरळ झाला की हात पुढे द्या. तो सरळ व्हायच्या आत टाच मारू नका.

पिंप सारखे पडते. का?

बहुतेक वेळा नजर. तुम्ही पिंपाकडे बघता, उजवा खांदा खाली झुकतो, घोडा त्याच बाजूला खांदा टाकतो आणि पिंप जाते. पुढचे कारण, लवकर वळणे. वर सांगितलेला गुडघ्याचा नियम पाळा. तिसरे, आतला लगाम खेचणे. मान वळते पण शरीर सरळच राहते, मग मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि कंबरेने पिंप उडते.

उपाय म्हणून पिंपाभोवती चुन्याने सहा फूट त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि आठवडाभर दुडकीत त्या रेषेवर चारही टापा ठेवायचा सराव करा. चुना डोळ्यात उडणार नाही, इतके बघा. रेषेच्या आत टाप गेली तर घोड्याला मारायचे नाही; सरळ बाहेर काढून चालीत पुन्हा तोच वळसा.

पोल बेंडिंगमध्ये काय वेगळे?

अमेरिकी पद्धतीत सहा काठ्या, प्रत्येक दोन काठ्यांत २१ फूट, आणि रेषेपासून पहिली काठीही २१ फुटांवर. काठी सहा फूट उंच. रेषेवरून थेट शेवटच्या काठीपर्यंत सरळ, तिला वळसा, नागमोडी परत पहिलीपर्यंत, वळसा, पुन्हा नागमोडी शेवटपर्यंत, वळसा आणि सरळ घरी. काठी पडली तर ५ सेकंद. ब्रिटिश पोनी क्लबच्या पद्धतीत पाच काठ्या असतात आणि अंतर २४ ते ३० फूट. आपल्या स्पर्धेचे पत्रक वाचूनच आखणी करा.

इथे हाताचे काम कमी, पायांचे जास्त. काठीमधून जाताना घोड्याचे डोके वळवायचे नसते, खांदा बाजूला सरकवायचा असतो. काठ्या न लावता मैदानात याचा सराव करा: सरळ रेषेत चालत चार पावले डावीकडे सरक, चार पावले सरळ, चार उजवीकडे. हे चालीत जमले की दुडकीत. कँटरमध्ये प्रत्येक काठीला घोडा पुढचा पाय बदलतो; तुम्ही जागेवरून उसळलात तर त्याला बदलता येत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या काठीला गाडी रुळावरून घसरते.

काठ्यांसाठी एक इंची पीव्हीसी पाइप आणि रबरी बूड वापरा. जमिनीत रोवू नका, धडकेला काठी पडली पाहिजे. वरच्या टोकाला टेनिसचा चेंडू चिरून बसवा.

बादलीत चेंडू टाकताना घोडा बिचकतो.

आवाजाला. बादलीत चेंडू पडल्याचा ठक्क आवाज त्याच्या पोटाखालून येतो, दिसत काहीच नाही. आधी जमिनीवरून सुरुवात करा: मोतद्दाराने घोडा धरायचा, तुम्ही बादलीत चेंडू टाकायचे, जवळ येत येत. बादलीत तीन-चार इंच वाळू भरा. आवाजही बसतो आणि बादली उलटतही नाही.

टाकताना बादलीला समांतर, दीड-दोन फुटांवरून जा. लगामाचा हात आयाळीवर टेकवा, कंबरेतून वाका, दुसऱ्या बाजूची टाच खाली दाबून ठेवा. ती वर गेली की खोगीर फिरते आणि स्वार चेंडूमागोमाग बादलीत. चेंडू फेकायचा नाही, सोडायचा. आणि घोडा चालत असताना किंचित आधी सोडायचा, कारण चेंडूही घोड्याच्या वेगाने पुढे जात असतो.

झेंड्याचे टोक कायम खाली आणि घोड्याच्या डोळ्यापासून लांब.

घोडा मैदानाच्या फाटकापाशी आला की तापतो, आडवा होतो. काय करायचे?

त्याला ठाऊक असते की फाटकातून आत गेले की पळायचे. वर्षानुवर्षे हेच शिकवलेले असते. त्यावर चाबूक हा उपाय नाही, तो आणखी तापतो. फाटक आणि पळणे यांचा संबंध तोडा. आत जा, चालीत एक फेरी मारा, मधोमध थांबा, खाली उतरा, तंग एक भोक सैल करा, बाहेर या. असे अनेक दिवस. काम झाल्यावर फाटकाबाहेर लगेच उतरायची सवय असेल तर तीही मोडा. बाहेर आल्यावर आणखी दहा मिनिटे फिरवा आणि आत मैदानात उतरा.

इतके करूनही फरक पडत नसेल आणि तो पूर्वी असा नव्हता, तर दुखणे शोधा. पळाल्यावर दुखते हे कळलेला घोडा पळायच्या आधीच कुरबुर करतो.

आठवड्यातून किती वेळा पळवायचे?

पूर्ण वेगात एक दिवस, त्या दिवशी दोन, फार तर तीन फेऱ्या. बाकी चार दिवस हलके काम, त्यातले बरेचसे पिंपांपासून लांब. एक दिवस नुसती मोकळी रपेट, एक दिवस पूर्ण सुट्टी. मार्ग घोड्याला आधीच येतो. तो रोज पळवून त्याला नवे काही येत नाही, फक्त सांधे झिजतात.

वय झालेल्या घोड्याला कुठे दुखतेय हे कसे ओळखायचे?

वळणाच्या खेळात सर्वात जास्त भार मागच्या पायांच्या घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. सुरुवातीची दहा पावले ताठ आणि नंतर मोकळी होत असतील, तर सांधे. एका बाजूची कँटर नेहमी येत होती ती येईनाशी झाली, एकाच पिंपाला तो लांबून जायला लागला, शेपटी सतत आपटतो, तर पशुवैद्याला दाखवा. लंगडणे बघायचे तर घोडा कडक जमिनीवर दुडकीत चालवा: पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोके वर जाते. दुखणे दाबायचे औषध देऊन खेळवणे म्हणजे उद्याचा घोडा आज मोडणे.

सुरुवातीला वीस मिनिटे तापवणी, त्यातली दहा मोकळ्या लगामावर नुसती चाल. शेवटी पुन्हा दहा-पंधरा मिनिटे चाल. यात काटकसर करू नका.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

सकाळी नऊच्या आत आटपा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६, तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस. जबड्याच्या हाडाखालच्या धमनीवर बोट ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. काम थांबवून दहा-पंधरा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली आली नाही, तर त्या दिवशी काम संपले.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतले तर स्नायू आखडतात, ही भीती निराधार आहे. भरपूर पाणी सर्व अंगावर ओता आणि ओतत राहा. प्यायलाही द्या. एरवीसुद्धा त्याला दिवसाला २५ ते ४५ लिटर लागते, उन्हात त्याहून पुष्कळ जास्त. घाम येऊनही पाणी पीत नसेल तर मिठाचे खडे ठेवता का ते तपासा. चंदी मात्र नाडी आणि श्वास पूर्ण बसल्यावरच.

चाबूक, काटे, कडक लगाम?

नको. काटेरी लगाम (तोंडातल्या कडीला काटे असलेला) तर कायद्यानेच बंद आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तो स्पष्ट मना केला आहे. अनुभवी घोड्याला साधा सांध्याचा गुळगुळीत लगाम पुरतो. त्यावर थांबत नसेल तर बैठक कमी पडते आहे किंवा दातांच्या धारदार कडा कानशीने घासून घ्यायला झाल्या आहेत. दातांची तपासणी वर्षातून एकदा करून घ्या.

यातून पुढे टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून जमिनीतला खुंटा भाल्याने उचलणे) करता येईल का?

येईल, आणि आपल्याकडे त्याची परंपरा मोठी आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रूपिंदरसिंग ब्रार यांनी त्यात सुवर्णपदक मिळवले होते. पण ते सरळ रेषेतले भरधाव काम आहे आणि हातात भाला असतो. एका हातात लगाम धरून कँटर पूर्ण ताब्यात आल्याशिवाय भाला हाती घेऊ नका. झेंड्याचा खेळ ही त्याची चांगली पूर्वतयारी. बॅरलचा घोडा त्यासाठी चालेलच असे नाही, खुंटा दिसला की तो वळू पाहील.

पावसाळ्यात सराव थांबवायचा का?

मैदान कशाचे आहे त्यावर ठरते. मुरमाच्या पक्क्या थरावर तीन-चार इंच वाळू असेल आणि पाणी निचरत असेल तर पाऊस थांबल्यावर तासा-दोन तासांत काम करता येते. काळ्या मातीवर अजिबात नाही. वरून सुकलेली दिसते, आतून लोण्यासारखी असते, आणि वळणावर मागचे पाय निसटले की घोडा स्वारासकट आडवा होतो. तपासायला सोपी खूण: मैदानात टाचेवर जोर देऊन स्वतः गर्रकन फिरा. तुमची टाच घसरली तर घोड्याचीही घसरणार. अशा दिवसांत चालीतला काठ्यांचा सराव, रिकिबीशिवाय बसणे, तबेल्याच्या वाटेवर बाजूला सरकणे हे करता येते. टापा रोज कोरड्या करून खरवडा, नाहीतर चार दिवसांत टापेच्या खाचेतून कुजका वास यायला लागतो.